पॉटी ट्रेनिंग: डायपर सुटण्याआधी शी मऊ व्हायला हवी

दोन-अडीच वर्षांचं मूल घरात असलं की येणारा जाणारा विचारतोच, "अजून डायपरच का?" आणि मग आपण घाईघाईने एक पॉटी चेअर आणतो, मुलाला त्यावर बसवतो, मूल पाच मिनिटं छान बसतं, गाणं म्हणतं, पण करत काहीच नाही, आणि उठवून चड्डी घातली की दुसऱ्या मिनिटाला पडद्यामागे जाऊन चड्डीत शी. हे बघून कोणालाही वाटेल की मुद्दाम चाललंय. पण तसं नसतं हो. त्याच्या शरीरात त्यावेळी काय चाललेलं असतं ते एकदा नीट कळलं की निम्मा राग तिथल्या तिथे जातो आणि पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून आधी थोडं शरीराबद्दल लिहिते, मग घरी काय करायचं त्याकडे येते.

तान्ह्या बाळाची लघवीची पिशवी भरली की आपोआप रिकामी होते, दिवसाला 20 वेळासुद्धा. पिशवी ताणली गेली की नसांमधून निरोप जातो, पिशवी आवळली जाते, शू होते, झालं. यात बाळाला कोणी विचारायला जात नाही. मूल मोठं होतं तशी पिशवी मोठी होते आणि पिशवी भरत आलीये हे मेंदूला हळूहळू कळायला लागतं. पिशवीत साधारण किती मावतं याचा डॉक्टर लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे, मुलाच्या वयात (वर्षांत) 2 मिळवायचे आणि 30 ने गुणायचं, तेवढे मिली. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाची 120 मिली, तीन वर्षांच्याची 150 मिली. अर्धा पेला म्हणा. आपल्यासारखं अर्धा तास दाबून ठेवणं त्याला जमणारच नाही, "आली" आणि "झाली" यात त्याच्याकडे फार कमी वेळ असतो.

शू काय किंवा शी काय, दोन्हीकडे दार बंद ठेवणारे दोन स्नायू असतात. आतला आपल्या ताब्यात नसतो, तो आपलं आपण काम करतो. बाहेरचा मात्र आपल्या इच्छेवर चालतो, आणि मुलाला शिकायचं असतं ते हा बाहेरचा स्नायू वापरायला. आता बघा त्या एवढ्याशा जिवाला एका वेळी काय काय जमवायचंय: पोटात काहीतरी होतंय हे खेळ चालू असताना ओळखायचं, बाहेरचा स्नायू आवळून धरायचा, कोणाला तरी सांगायचं, बाथरूमपर्यंत चालत जायचं, चड्डी खाली करायची, बसायचं, आणि एवढं सगळं आवळून धरून आल्यावर आता तो स्नायू सैल सोडायचा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. सैल सोडणं हुकुमावर होत नाही, कोणी समोर बसून "झोप, झोप, आत्ताच्या आत्ता झोप" म्हटलं तर झोप येते का, तसंच आहे ते. मुलाला जन्मापासून सवय असते डायपरमध्ये, उभ्याने, एका कोपऱ्यात सैल सोडायची. पॉटीवर बसल्यावर ढुंगणाखाली काहीच नाही, सगळे तोंडाकडे बघतायत, स्नायू आवळलेलेच राहतात. उठून ओळखीच्या जागी गेलं, ओळखीचं कापड लागलं की ते सुटतात. पडद्यामागच्या शीचं कारण हे आहे.

मग हे जमतं कितव्या वर्षी? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 मध्ये 1170 मुलांच्या नोंदींवर एक पेपर लिहिला होता, आजही "मुलाची तयारी बघून सुरू करा" असं जे सगळे डॉक्टर सांगतात त्याचा पाया मुख्यतः तिथे आहे. त्या मुलांचं दिवसाचं ट्रेनिंग सरासरी 28.5 महिन्यांना पूर्ण झालं होतं. आज बऱ्याच घरांत त्याहून उशिरा होतं. सरासरी म्हणजे कोणी दोन वर्षांतच तयार तर कोणी साडेतीनला, दोन्ही नॉर्मलच. मुली साधारणपणे काही महिने पुढे असतात. 2003 मध्ये आणखी एक अभ्यास आला होता, त्यात असं दिसलं की जितकं लवकर सुरू करू तितके जास्त महिने ट्रेनिंग चालतं, आणि 27 महिन्यांच्या आधी रोज मागे लागून ट्रेनिंग करण्यात फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे अठराव्या महिन्यापासून जुंपलेल्या घरात कष्ट जास्त, पण मूल काही शेजारच्यापेक्षा वर्षभर आधी तयार होतं असं नाही.

इथे आजी म्हणतेच, "अगं, आमची मुलं वर्षाची व्हायच्या आत शू-शू केलं की करायची." आणि आजी खोटं सांगत नसते. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांवरचा 1977 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, तिथे आया बाळ काही आठवड्यांचं असल्यापासून त्याच्या हालचालींवर लक्ष ठेवून ठराविक आवाज काढून त्याला ठराविक पद्धतीने धरतात आणि पाच-सहा महिन्यांत बाळं त्या आवाजाला शू करायला लागतात. हे होतं, खरंच होतं. पण यात वेळ ओळखणारी, उचलून नेणारी, कपडे काढणारी, सगळी कामं करणारी आई असते, आणि ती दिवसभर बाळाला चिकटून असते. बाळ आवाजाला प्रतिसाद देतं. ज्या घरात असं दिवसभर लक्ष देणारं माणूस आहे तिथे करून बघायला काहीच हरकत नाही, बाळाला त्याचा त्रास नाही. पण "मला आली, मी जातो, मी करतो" हे स्वतःहून करणं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच येतं, त्यामुळे आजीच्या वर्षाच्या बाळाची आणि आपल्या अडीच वर्षांच्या मुलाची तुलना करून सुनेला टोमणे मारायचं काहीच कारण नाही.

तयारी कशी ओळखायची याच्या खूप मोठमोठ्या याद्या फिरत असतात, त्यातल्या चार-पाच गोष्टीच मला महत्त्वाच्या वाटतात. दिवसा सलग दोन तास डायपर कोरडा राहतोय का, दुपारच्या झोपेतून कोरडं उठतंय का (म्हणजे पिशवी तेवढं साठवायला लागली). चालत जाऊन बसता येतं का, चड्डी खाली ओढता येते का, निदान प्रयत्न करतं का. "जा, चप्पल आण आणि बाबांना दे" अशी दोन टप्प्यांची सूचना कळते का. ओला डायपर नको वाटतो का. आणि सगळ्यात बोलकी खूण म्हणजे लपणं. मूल शी करायला सोफ्यामागे, टेबलाखाली, दरवाज्याच्या आड जायला लागलं म्हणजे शी येणार आहे हे त्याला आधी कळतंय, आणि थोडा वेळ ते धरूनही ठेवतंय. बऱ्याच जणांना हे वाईट लक्षण वाटतं, मला विचाराल तर ही खूण दिसली की खुश व्हा. एक मात्र बघा, लपलेलं मूल तिथे शी करतंय की शी रोखतंय, या दोन्हीत फार मोठा फरक आहे आणि त्याबद्दल मी खाली सविस्तर लिहिणार आहे.

घरात नवं बाळ येतंय, घर बदलताय, मूल नुकतंच आजारातून उठलंय, आईने नुकतंच कामावर जायला सुरुवात केलीये, असं काही चालू असेल तर महिना-दीड महिना थांबा. कुठेही काही बिघडत नाही.

आता एक अशी गोष्ट जी सगळे शेवटी बघतात आणि खरं तर पहिली बघायला हवी. शी कशी होतेय? ब्रिस्टल स्टूल चार्ट नावाचा एक तक्ता आहे, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी बनवलेला, त्यात शीचे सात प्रकार चित्रात दिलेत. 1 म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, 7 म्हणजे नुसतं पाणी. आपल्याला हवा 3 किंवा 4, म्हणजे लांबट, मऊ, सहज होणारी. मुलाची शी 1 किंवा 2 प्रकारची असेल, कुंथून लाल होऊन होत असेल, तर पॉटी चेअर माळ्यावर ठेवून द्या आणि आधी पोट नीट करा. पाणी, फळं, भाज्या, आणि दूध किती जातंय ते बघा, कारण बाटलीवर बाटली दूध पिणारं मूल बाकी काही धड खात नाही आणि बऱ्याचदा शीचे खडे होतात ते तिथूनच. एवढ्याने दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर मुलांच्या डॉक्टरांना सांगा. दुखणारी शी चालू असताना ट्रेनिंग सुरू करणं ही या सगळ्यातली सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. छोटी जमिनीवर ठेवायची पॉटी असो किंवा मोठ्या कमोडवर बसवायची छोटी सीट, दोन्ही चालतं. पायाला आधार मात्र हवाच. कमोडवर बसवलेल्या मुलाचे पाय लोंबकळत असतील तर ते पडायच्या भीतीने मांड्या आवळून बसतं आणि मांड्या आवळल्या की खालचं सगळंच आवळतं. पायाखाली स्टूल द्या, गुडघे कमरेच्या किंचित वर येतील इतकं उंच. गुदाशयाभोवती (म्हणजे शी बाहेर पडण्याआधी जिथे साठते त्या आतड्याच्या शेवटच्या भागाभोवती) एक स्नायू पट्ट्यासारखा फिरलेला असतो, आपण उभे असताना तो वाट वाकडी करून ठेवतो म्हणून चालताफिरता शी होत नाही, आणि उकिडवं बसलं किंवा गुडघे वर घेतले की तो सैल पडून वाट सरळ होते. जमिनीवरची बुटकी पॉटी या कामाला उत्तम, कारण पाय आपसूकच टेकतात आणि गुडघे वर येतात. मुलगा असेल तरी सुरुवात बसूनच करू द्या, उभं राहून शू करायला नंतर एका दिवसात शिकतो, पण आधी उभ्याची सवय लागली तर शीला बसायला कटकट करतो.

कपडे बटणाचे, नाडीचे, डंगरी वगैरे काही महिने कपाटात. इलास्टिकची सैल चड्डी, बस.

सुरू करायच्या आधी दोन-तीन आठवडे नुसती ओळख होऊ द्या. डायपर बाथरूममध्येच बदला, डायपरमधली शी मुलासमोर कमोडमध्ये टाका, "शी इकडे जाते" एवढंच सांगा, त्याला टाटा करायचा असेल तर करू द्या. शीला "ई", "छी", "घाण" म्हणायचं घरातल्या सगळ्यांनीच बंद करायचं, कारण मुलाच्या दृष्टीने ती त्याच्या अंगातून आलेली वस्तू आहे, आणि जी गोष्ट केल्यावर आई नाक मुरडते ती आईसमोर कशाला करायची, असा सरळ विचार ते करतं. फ्लशच्या आवाजाला बरीच मुलं घाबरतात, तेव्हा मूल वर बसलेलं असताना फ्लश करू नका, ते बाथरूमबाहेर गेल्यावर करा किंवा बटण त्यालाच दाबू द्या.

मग एक दिवस ठरवून दिवसाचा डायपर काढा. आजचे डायपर इतके चांगले शोषून घेतात की मुलाला ओलं झाल्याचं कळतच नाही, आणि ओलं कळल्याशिवाय "आत्ता जे झालं ते माझ्यातून झालं" हे जुळत नाही. दिवसभर साधी सुती चड्डी, घरात असाल तर तीही नसली तरी चालेल. डायपर काढला, मग बाहेर जाताना घातला, मग पाहुणे आले म्हणून घातला, असं केलं की मूल गोंधळतं. सुरुवातीचे दोन-चार दिवस घरीच राहता येतील असं बघून ठरवा, बाहेर जावंच लागलं तर निघायच्या आधी बसवा आणि दोन चड्ड्या पिशवीत टाका.

बसवायचं कधी? झोपेतून उठल्यावर, आंघोळीच्या आधी, बाहेर निघताना, आणि जेवणानंतर. जेवणानंतरचं विशेष लक्षात ठेवा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही शरीराची उपजत सवय आहे, त्यामुळे जेवण झाल्यावर साधारण 15 ते 30 मिनिटांत शी येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सकाळच्या खाण्यानंतरची वेळ तर सोडूच नका. तीन ते पाच मिनिटं बसवा, त्याहून जास्त नाही, काही झालं नाही तर "बरं, नंतर बघू" म्हणून उठवा. अर्धा अर्धा तास मोबाईल हातात देऊन बसवून ठेवलेलं मूल शिकत नाही, त्याचं लक्ष पोटाकडे नसतंच.

विचारण्याची पद्धतही थोडी बदलावी लागते. आपण दर दहा मिनिटांनी विचारतो, "शू आली का रे?" आणि दोन वर्षांचं मूल कुठल्याही प्रश्नाला आधी "नाही"च म्हणतं, मग "नाही" म्हणून पाच सेकंदांत चड्डी ओली. त्यापेक्षा "चला, शूची वेळ झाली, गाडी तू आणतोस की मी आणू?" असं म्हणा, जाणं ठरलेलंच, निवड फक्त खेळण्यातली गाडी कोणी आणायची याची. आणि पाय जवळ घेऊन नाचायला लागलं, एकदम गप्प झालं, चड्डी धरली, की "तुझं पोट सांगतंय बघ शू आली" असं म्हणा. त्या अंगातल्या जाणिवेला नाव मिळतं. ट्रेनिंग म्हणजे नव्वद टक्के हेच आहे असं माझं मत आहे, बाकी सगळी सोय.

चड्डी ओली झाली तर? आवाज नेहमीचाच ठेवून "शू चड्डीत झाली, शू पॉटीत करायची, चल बदलू" आणि पुसायला एक फडकं त्याच्याही हातात द्या, शिक्षा म्हणून नव्हे, आपण सांडलेलं पुसतो तसंच. पॉटीत झाली तर कौतुक करा पण घर डोक्यावर घेऊ नका. टाळ्या, नाच, आजीला व्हिडिओ कॉल, हे सगळं एकदा-दोनदा छान वाटतं, पण मग न झालेल्या वेळी मुलाला आपण सगळ्यांना निराश केलं असं वाटायला लागतं. स्टिकर वगैरे द्यायचे असतील तर बसल्याबद्दल द्या, झाल्याबद्दल नको. बसणं त्याच्या हातात आहे, होणं दर वेळी नसतं.

साफसफाईत मुलींना पुढून मागे पुसायचं आणि धुवायचं हे पहिल्या दिवसापासून शिकवा, उलटं केलं तर शीतले जंतू लघवीच्या वाटेत जातात. आणि काहीही झालं नाही तरी उठल्यावर साबणाने हात.

रागाबद्दल स्पष्टच लिहिते. दिवसभर दमलेल्या माणसाने तिसऱ्यांदा फरशी पुसताना आवाज चढणं मी समजू शकते. पण लहान मुलांना घरात मार बसण्याच्या ठळक कारणांमध्ये हे शी-शूचे अपघात येतात, हे बालरोगतज्ज्ञ वारंवार सांगतात. ओल्या चड्डीत उभं करून ठेवणं, चटका द्यायची धमकी, "बघा बघा बाळ कोण आहे" म्हणून चारचौघांत हसणं, यातलं काहीही चालणार नाही, कोणाच्याही घरात, कोणाच्याही सांगण्यावरून. हात उचलावासा वाटला तर मूल सुरक्षित जागी ठेवून दुसऱ्या खोलीत जा, दुसऱ्या कोणालातरी बोलवा, आणि त्या आठवड्यात ट्रेनिंग सरळ बंद करून डायपर घाला. डायपरने कोणाचं काही वाईट होत नाही.

आता शीचा विषय, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. शू दोन-तीन आठवड्यांत जमते, आणि शीला मूल अडून बसतं, हे इतकं सर्रास आहे की 1997 च्या एका अभ्यासात 482 मुलांपैकी साधारण 22 टक्के मुलांनी निदान महिनाभर पॉटीत शी करायला नकार दिला होता. शू पॉटीत, शीसाठी मात्र डायपर मागायचा, डायपर घातला की कोपऱ्यात जाऊन करायची. इथपर्यंत काळजीचं काही नाही. अवघड होतं ते डायपरही नाही आणि पॉटीही नाही, असं झालं की. मग मूल शी रोखायला लागतं.

रोखणारं मूल कसं दिसतं ते नीट बघा. खेळता खेळता एकदम थांबतं. सोफ्याची कड दोन्ही हातांनी धरतं, चवड्यांवर उभं राहतं, पाय सरळ ताठ किंवा एकमेकांवर घट्ट, ढुंगण आवळलेलं, तोंड लाल, डोळ्यांत पाणी, थोडं थरथरतंसुद्धा. घरातल्यांना वाटतं बिचारं कुंथतंय, जोर लावतंय, "हां, कर कर, जोर कर" म्हणतात. पण शी करताना माणूस वाकतो, गुडघे मुडपतो. ताठ उभं राहून पाय आवळणारं मूल शी बाहेर येऊ नये म्हणून सगळी ताकद लावत असतं. मिनिटभराने कळ निघून जाते आणि ते पुन्हा खेळायला लागतं, जसं काही झालंच नाही.

असं का करतं? बहुतेक वेळा कधीतरी एक कडक, मोठी शी झालेली असते, कदाचित बारीक चीर पडून रक्ताचा थेंब आलेला असतो, आणि त्याने धसका घेतलेला असतो. शी म्हणजे दुखणार, मग करायचीच नाही. पण शी आत थांबली की मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक आणि आणखी मोठी होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं, भीती खरी ठरते, आणि मूल आणखी रोखतं. आठवडे, महिने हे चालू राहिलं तर गुदाशय ताणून मोठा होतो, आणि ताणलेल्या गुदाशयाला भरल्याची जाणीवच नीट होत नाही. मग एक वेळ अशी येते की आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डीला लागत राहते, दिवसातून कितीतरी वेळा. घरच्यांना वाटतं जुलाब झालेत, किंवा आळस करतोय, नीट पुसत नाही. मुलाला खरोखरच कळत नसतं की झालीये. जुलाब समजून बंद करायचं औषध दिलं तर उलटंच होऊन बसतं. आणि भरलेला गुदाशय पुढच्या लघवीच्या पिशवीवर दाब देतो, त्यामुळे शूचं जमलेलं मूलही पुन्हा चड्डी ओली करायला लागतं, लघवीचं इन्फेक्शनही होतं. शूचे अपघात वाढले की आधी शीकडे बघा म्हणतात ते यासाठी.

यावर उपाय आहे पण वेळखाऊ आहे. पहिलं, पॉटीचा विषय बंद. डायपर मागत असेल तर ताबडतोब द्या, शी बाहेर पडणं सगळ्यात महत्त्वाचं, कशात पडते ते दुय्यम. दुसरं, डॉक्टरांकडे जा. शी मऊ करणारी औषधं असतात, लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल, ही आतड्यात पाणी धरून ठेवतात म्हणून शी कडक होत नाही, आणि लोकांना वाटतं तशी सवय लागत नाही त्यांची. डोस डॉक्टरच ठरवतील, कारण आत खडा साठलेला असेल तर आधी तो काढावा लागतो. इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, चार दिवस शी मऊ झाली की औषध बंद करू नका. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला आणि मुलाच्या मनातली भीती जायला महिने लागतात, आणि मध्येच औषध बंद केलं की एक कडक शी होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. घरच्या घरी साबणाचा तुकडा, बोट घालणं, एनिमा, असलं काही करू नका, ज्या जागेची आधीच धास्ती आहे तिथेच हात लावल्यासारखं होतं ते.

शी बरेच आठवडे सलग मऊ होत राहिली की मग बारीक पायऱ्या. डायपरमध्येच पण बाथरूममध्ये उभं राहून. मग डायपर घालून पॉटीवर बसून. मग डायपर सैल करून. मग डायपर पॉटीत अंथरून. एका पायरीवर आठवडा लागला तरी लागू द्या, मागे आलं तरी येऊ द्या. बसल्यावर फुगे फुगवायला द्या, शिट्टी वाजवायला द्या, फुंकताना पोटाचा दाब आपोआप खाली जातो आणि लक्षही तिकडे राहतं.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. शीतून रक्त पुन्हा पुन्हा येतंय, पोट फुगून उलट्या होतायत, बद्धकोष्ठ अगदी जन्मापासून आहे आणि जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवस झालीच नव्हती, लघवी सतत थेंब थेंब गळते, धार अगदी बारीक आहे, लघवीला जळजळ किंवा ताप आहे, पाय कमजोर वाटतात, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका आहे, यातलं काहीही असेल तर लवकर दाखवा. आणि कोरडं राहायला लागलेलं मूल अचानक खूप पाणी पिऊन खूप शू करायला लागलं, वजन उतरायला लागलं, तर त्याच दिवशी दाखवा, लहान मुलांचा डायबेटीस असाही सुरू होतो.

बाकी मागे जाणं होतच असतं. भावंड झालं, ताप आला, शाळा सुरू झाली, की जमलेलं मूल पुन्हा चड्डीत करतं, चिडवू नका, नवीन नियम लावू नका, वेळेवर बसवणं तेवढं पुन्हा सुरू करा. पाळणाघरात किंवा बालवाडीत जात असेल तर घरचे शब्द त्यांना सांगून ठेवा, घरी "शू" आणि तिथे "बाथरूम" असं असेल तर मूल सांगतच नाही. शिक्षकांना विचारायला लाजून दिवसभर दाबून ठेवणारी मुलंही असतात, घरी येताच धावत बाथरूमला जात असेल तर हेच चाललंय समजा. ऑटिझम असलेल्या किंवा वाढीचे टप्पे उशिरा गाठणाऱ्या मुलांना जास्त वेळ लागतो, त्यांना बोलण्यापेक्षा चित्रं जास्त कळतात, चड्डी काढणं, बसणं, पुसणं, हात धुणं अशी क्रमाने चित्रं भिंतीवर लावली तर खूप मदत होते.

रात्रीचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे, आणि ते ट्रेनिंगने होत नाही. रात्री मेंदू व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन जास्त सोडतो, त्याने लघवी कमी तयार होते. काही मुलांमध्ये हे उशिरा सुरू होतं, काहींची झोप इतकी गाढ असते की भरलेली पिशवी त्यांना उठवू शकत नाही. पाचव्या वर्षी साधारण 15 टक्के मुलं रात्री गादी ओली करतात आणि त्यातली साधारण 15 टक्के दर वर्षी आपोआप थांबतात. हे घराण्यातही चालतं, आई किंवा बाबा यापैकी एकाला लहानपणी हे होतं तर मुलाला असण्याची शक्यता सुमारे 44 टक्के, दोघांनाही होतं तर 77. म्हणून दिवसाचा डायपर सुटला तरी रात्रीचा राहू द्या, सलग बरेच दिवस सकाळी कोरडा निघाला की मग काढा. गादीवर वॉटरप्रूफ कपडा, त्यावर चादर, त्यावर पुन्हा वॉटरप्रूफ आणि पुन्हा चादर असं घालून ठेवा, मध्यरात्री वरची जोडी ओढून काढली की खालचं तयारच असतं. झोपायच्या आधी शूला नेणं चांगलं, संध्याकाळनंतर पाणी तोडणं नको, दिवसभरात भरपूर प्यायलेलं असलं म्हणजे झालं. अर्धवट झोपेत उचलून नेऊन शू करवली तर त्या रात्रीची चादर वाचते, मूल त्यातून काही शिकत नाही, तेवढ्यापुरतं करायचं असेल तर करा. पाचच्या पुढे गेल्यावर डॉक्टरांशी बोला, विशेषतः मूल स्वतः खंतावलेलं असेल, कोणाकडे राहायला जायला नको म्हणत असेल तर. ओलं लागलं की वाजणारा अलार्म मिळतो, त्याचा चांगला उपयोग होतो, पण त्याला दोन-तीन महिने द्यावे लागतात आणि सुरुवातीला अलार्मने मूल सोडून सगळं घर उठतं, तेव्हा मुलाच्या खोलीत झोपून त्याला उठवायचं काम रोज रात्री कोणी करायचं ते आधीच ठरवून ठेवा.